मान धरेपर्यंत: तान्ह्या बाळासाठी स्लिंग निवडताना

महिन्याभराचं बाळ उभं धरलं आणि मानेमागचा हात क्षणभर सैल पडला, की डोकं कलंडतं. जन्मतः डोकं अंगाच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव असतं. मोठ्या माणसात तेच सातवा-आठवा हिस्सा. डोक्याची मागची बाजू फुगीर, मानेचे स्नायू कच्चे. बाळाने ‘मान धरली’ असं आपण म्हणतो ते साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तोवर ती दुसऱ्या कुणीतरी धरायची असते, आणि बाळाला स्लिंगमध्ये, म्हणजे अंगाशी बांधायच्या कापडाच्या झोळीत, घेतलं की ते काम कापडाकडे जातं. रंग, किंमत, खिसे, ‘सिक्स-इन-वन’ हे सगळं त्यानंतर.

डोकं मागे कलंडलं तर ते लगेच दिसतं. घरातलं कुणीतरी ओरडतंच. खरा धोका डोकं पुढे कलण्यात आहे, कारण ते दिसायला गोड दिसतं. बाळ गुडूप झोपलंय, हनुवटी छातीला टेकलीय, सगळे कौतुकाने बघताहेत. पण या वयात श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या कडांची कूर्चा मऊ असते. मान पुढे मुडपली की बागेतली रबरी नळी वाकल्यावर पाणी अडतं तसा हवेचा रस्ता दबतो. शिवाय पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं. नाक कापडात किंवा आईच्या छातीत रुतलं तर डोकं वळवून सुटका करून घेण्याएवढी ताकद त्याच्यात नसते. हे सगळं आवाज न होता घडतं. गुदमरणारं बाळ रडत नाही, म्हणून ‘शांत आहे’ ही खूण इथे उपयोगाची नाही.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला, तेव्हा मागच्या वीस वर्षांतले किमान १४ बालमृत्यू त्यांच्या नोंदीत होते. त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात एका कंपनीच्या दहा लाखांहून जास्त स्लिंग बाजारातून परत घेतल्या गेल्या. त्यांचा आकार लक्षात ठेवण्यासारखा आहे: खांद्याला अडकवायची खोल पिशवी, तळाशी गादी, कडांना इलॅस्टिक. बाळ आत आडवं ठेवलं की पाठ गोल होते, हनुवटी छातीकडे जाते आणि वरून कडा मिटतात. पिशवीसारखी स्लिंग कितीही मऊ असो, तान्ह्यासाठी घेऊ नये. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ‘फोर-इन-वन’ कॅरिअरमध्ये, म्हणजे चार तऱ्हेने वापरायच्या पट्टेवाल्या तयार झोळ्यांमध्ये, ‘शून्य महिन्यांपासून, झोपण्याची स्थिती’ म्हणून बाळ आडवं दाखवलेलं असतं. तो फोटो दिसला की पान बंद करावं. झोपायच्या झोळीतही कापड खोल असेल तर बाळ असंच दुमडतं, हेही जाता जाता.

ब्रिटनमध्ये स्लिंग बनवणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी मिळून पाच साध्या कसोट्या ठरवल्या, त्या आता जगभर वापरतात. कापड अंगाला घट्ट हवं. बाळाचा चेहरा सतत नजरेसमोर हवा. मान खाली घातली की टाळूचा मुका घेता यावा, इतकं बाळ वर हवं. हनुवटी आणि छाती यांच्यात निदान एक बोट, शक्यतो दोन बोटं मावावीत. आणि पाठीला आधार हवा. यातली शेवटची कसोटी लोक सोडून देतात, म्हणून ती तपासायची रीत सांगतो. बाळ बांधून झालं की त्याच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच आपल्याकडे दाबा. बाळ आणखी जवळ सरकलं किंवा गोल झालेली पाठ सरळ झाली, तर कापड सैल आहे. पाच मिनिटं चालल्यावर बाळ त्या सैल जागेत घसरणार आणि हनुवटी खाली जाणार. बाकीच्या चारही कसोट्या याच सैलपणाने बिघडतात.

दुसरी बाजू खुब्याची. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतो, पण जन्मावेळी ती उखळ बरीचशी कूर्चेची आणि उथळ असते. गोळा आत नीट बसलेला राहिला तर ती त्याच्याभोवती खोल घडत जाते. पाय सरळ आणि एकमेकांना चिकटवून ठेवले तर गोळा कडेकडे ढकलला जातो. मुलगी असेल, बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला खुब्याचा त्रास असेल तर सांधा निखळण्याचा धोका मुळातच जास्त. म्हणून दुपट्यात बाळाचे पाय ताणून, सरळ करून घट्ट मुटकुळं बांधायची पद्धत अस्थितज्ज्ञांना पटत नाही. गुंडाळायचं तर छातीपर्यंत, खाली पाय मोकळे. स्लिंगमध्ये बाळ बेडकासारखं बसावं: गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर, मांड्या जरा फाकलेल्या, कापड एका गुडघ्यामागच्या खळग्यापासून दुसऱ्याच्या खळग्यापर्यंत. समोरून पाहिलं तर इंग्रजी एमचा आकार दिसतो. बुडाशी चार बोटांची पट्टी आणि पाय खाली लोंबताहेत, असली कॅरिअर थोडा वेळ वापरली म्हणून लगेच सांधा निखळतो असं नाही, पण वाढत्या खुब्याला त्यांचा काही उपयोगही नाही. शिवाय सगळा भार दोन मांड्यांच्या मध्ये येतो. नवजाताला तोंड बाहेर करून बसवणं तर नकोच. मान आणि धड पक्कं होईपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिन्यांपर्यंत, तो विचार बाजूला ठेवावा.

आता प्रकार. लवचीक रॅप म्हणजे इलॅस्टिकचा अंश असलेलं होजिअरीचं पाचेक मीटर कापड. आधी स्वतःला बांधायचं, मग बाळ आत सरकवायचं, म्हणून नवख्यांना सोपं जातं. पण बाळावरून कापडाचे तीन थर गेलेच पाहिजेत, आणि ते फक्त पुढे बांधण्यासाठी. बाळ सात-आठ किलोचं झालं की कापड ओघळायला लागतं. विणलेला रॅप साधारण साडेचार मीटरचा, बिनताणाचा. तो शिकायला आठवडा लागतो, पण नंतर दोन-तीन वर्षं चालतो. बकलवालं कॅरिअर बाबांना आणि घाईतल्या माणसांना आवडतं, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्यावरची किमान वजनाची ओळ वाचा. बहुतेकांवर ३.२ ते ३.५ किलो असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याकडे पूर्ण दिवसांचं बाळही अनेकदा पावणेतीन-तीन किलोचंच असतं, म्हणजे खोक्यावर ‘न्यूबॉर्न’ छापलेलं असूनही पहिला महिनाभर ते वापरता येत नाही. घ्यायचंच तर बुडाची रुंदी कमी-जास्त करता येणारं घ्या. सिझेरियन झालं असेल तर कमरपट्टा टाक्यांवर बसतो का, हे घालून बघितल्याशिवाय कळत नाही. बसायची छोटी फळी कमरेला बांधायची ती ‘हिप सीट’ बाळ स्वतः बसायला लागल्यानंतरची वस्तू आहे.

आपल्या हवेसाठी आणि अडीच-तीन किलोच्या बाळासाठी आमचं मत रिंग स्लिंगच्या, म्हणजे एका टोकाला दोन कड्या शिवलेल्या लांब कापडाच्या, बाजूने पडतं. बाळावरून एकच थर जातो, पोटावर काही येत नाही आणि घालायला-काढायला अर्धं मिनिट लागतं. तोटा एवढाच की भार एका खांद्यावर येतो. तासाभराने खांदा बदलावा लागतो. कडी मात्र तपासून घ्या. ती जोड नसलेली, अ‍ॅल्युमिनिअमची किंवा जाड नायलॉनची असावी. पडद्याची किंवा शोभेच्या सामानातली, सांध्यावर डाग दिलेली कडी वजनाने उघडू शकते.

बांधायची रीत अशी. कापडाचं मोकळं टोक दोन्ही कड्यांतून वर घ्यायचं, मग वरच्या कडीवरून वळवून खालच्या कडीतून खाली काढायचं, दोन कड्यांच्या पट्ट्यासारखं. कड्यांमध्ये निऱ्या एकसारख्या पसरलेल्या हव्यात. पीळ पडला तर कापड सरकत नाही. हा फेर डोक्यावरून घालायचा. कड्या खांद्याच्या पुढच्या बाजूला, पदराला पिन लावतात त्या जागी याव्यात. भार पडला की त्या जरा खाली येतात. बाळाला दुसऱ्या खांद्यावर, ढेकर काढायला धरतो तसं धरायचं. मोकळा हात कापडाखालून घालून त्याची पावलं हातात घ्यायची आणि बाळ हळूच छातीवर उतरवायचं. आता कापडाची खालची कड आपल्या आणि बाळाच्या पोटांमध्ये खोचून बाळाच्या बेंबीपर्यंत वर घ्यायची. बैठक यानेच तयार होते. हे राहिलं तर बाळाने पाय ताणले की ढुंगण खालून निसटतं. वरची कड मानेपर्यंत, डोक्यावर नाही. मग घट्ट करायचं: आधी वरची कड, मग खालची, शेवटी मधल्या निऱ्या, प्रत्येक वेळी थोडंथोडं, टोकाच्या दिशेने. नवखे लोक चुकतात ते इथे. दुसऱ्या हाताने बाळाचं बूड किंचित उचलून धरलं नाही तर सगळं वजन कड्यांवर असतं, कापड सरकतच नाही, आणि ओढणाऱ्याला वाटतं घट्ट झालं. पहिले दोन-तीन दिवस हा सराव तीन किलो तांदळाच्या पिशवीवर करावा, पलंगाच्या कडेला बसून, आरशासमोर.

साडी चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. सहावारी साडेपाच मीटरच्या आसपास असते आणि पन्हा ४५ इंच, म्हणजे मधून दुमडली की रॅपचंच माप झालं. जाड हातमागाची सुती साडी चालते. मलमल पातळ, तिच्या कडा दोरीसारख्या खांद्यात रुततात. जॉर्जेट, नायलॉन, रेशीम यांची गाठ सरकते. जुनी साडी मऊ असते खरी, पण घडीवर विरलेली असते. उजेडासमोर धरून पाहावी आणि दोन्ही हातांनी हिसडा देऊन बघावा. गाठ दुहेरी, सुरगाठ अजिबात नाही. मेळघाटासारख्या भागांत बाया कापडाने बाळ पाठीशी बांधून दिवसभर कामं करतात. त्यांचे हात लहानपणापासून तयार झालेले असतात. शहरात नव्याने शिकणाऱ्याने तान्हं पाठीवर घेऊ नये, कारण चेहरा दिसत नाही.

उन्हाळ्यात हिशेब सोपा: कापडाचा प्रत्येक थर म्हणजे एक कपडा, आणि आईचं अंग म्हणजे गरम पाण्याची पिशवी. एप्रिल-मे महिन्यात एकेरी सुती स्लिंगखाली बाळाला झबलं पुष्कळ झालं. आत कुंची, टोपी, मोजे नकोत. हातपाय गार लागले म्हणून कपडे वाढवू नका. नवजाताचे हातपाय बरेचदा गारच असतात. मानेमागे बोट घालून बघा. तिथे घाम किंवा चटका लागला तर बाळ बाहेर काढा.

गॅससमोर स्लिंग नको, गरम चहाचा कपही नको. खाली वाकायचं तर कमरेतून वाकू नका, उकिडवं बसा. गाडीत तर मुळीच नको. पन्नास किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर चार किलोचं बाळ पुढे फेकलं जाताना सुमारे साठ किलोचा जोर लावतं, आणि त्याच्यामागे आईचंही वजन येतं. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलांना हार्नेस (चालकाशी जोडून ठेवणारे पट्टे) आणि हेल्मेट लावण्याचा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला. त्यातला हार्नेस म्हणजे हे कॅरिअर नव्हे.

बाळ कमी दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल तर बाजारातलं काही घेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. त्याच्यासाठी कांगारू मातृसेवा ही वेगळी गोष्ट आहे: आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, तासन्‌तास. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे एडगर रे यांनी ती सुरू केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातही तिचा अभ्यास झाला आहे. कपड्यांवरून बांधलेली स्लिंग तिची जागा घेत नाही.

आणि रडणं? १९८६ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका प्रयोगात, रडत नसतानाही बाळाला रोज जास्त वेळ अंगावर घ्यायला सांगितलेल्या गटातली बाळं सहा आठवड्यांची असताना ४३ टक्के कमी रडली. पोटशुळाने आधीच अतोनात रडणाऱ्या बाळांवर नंतर तोच उपाय केला तेव्हा असा फरक दिसला नाही. त्यामुळे स्लिंगला औषध समजून घेऊ नये. जपानच्या रिकेन संस्थेने २०१३ मध्ये दाखवलं की आई बाळाला घेऊन चालू लागली की त्याच्या हृदयाचे ठोके काही सेकंदांत मंदावतात. नुसतं घेऊन बसल्याने तसं होत नाही. त्याच गटाने २०२२ मध्ये आणखी एक कामाची गोष्ट मोजली: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चालायचं, डोळा लागला की पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं, मग खाली ठेवायचं. अंगापासून सुटताना बाळ जागं होतं, पाठ टेकताना नव्हे. म्हणून स्लिंग सोडताना आधी वाकून बाळाला सपाट गादीपर्यंत न्या, छाती त्याला लागलेली असू द्या, कड्या वर उचलून कापड सैल करा आणि ते त्याच्याखालून अलगद काढून घ्या. कापड तिथेच पांघरूण म्हणून ठेवू नका.