शंभर उंट द्यायचे कोणी? शरिया आणि सोमाली 'हेर'

सोमालियात खुनाच्या बदल्यात शंभर उंट देऊन तंटा मिटला, अशी बातमी आली की 'हाच तो शरिया' म्हणून लोक मोकळे होतात. देश मुसलमानांचा, म्हणजे कायदा शरियाच, हे वाचून वाचून वीट आलाय. तिथे टोळ्यांमधले बहुतेक तंटे मिटतात ते 'हेर' या परंपरागत कायद्याने. (गुप्तहेराशी याचा काही संबंध नाही.)

शरिया सगळ्यांना ढोबळमानाने माहीत आहे: धर्मग्रंथांचा आधार, निवाडा काझीचा. हेर लिहिलेला नसतो. तो जाणत्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतो आणि निवाडा बहुधा झाडाखालच्या बैठकीत होतो. एवढा फरक कुणाच्याही लक्षात येतो.

घोळ होतो तो भरपाईपाशी, कारण आकडे जुळतात. दोन्हीकडे पुरुषाच्या जिवाचे शंभर उंट, बाईच्या जिवाचे पन्नास. पण ते उंट कुणाच्या कळपातून निघतात ते बघा. शरियात जाणूनबुजून केलेल्या खुनाला जबाबदार खुनी स्वतः. मृताच्या वारसांनी त्याचा जीव मागावा, भरपाई घ्यावी किंवा माफ करावं. नातलगांवर भार येतो तो चुकून झालेल्या हत्येचा. हेरमध्ये मुद्दाम केलेल्या खुनाची भरपाईसुद्धा अख्खा गट भरतो, आणि घेणाराही गटच असतो. हा गट म्हणजे बापाच्या बाजूने एका पूर्वजाला जाऊन मिळणारे काही शे ते काही हजार पुरुष. एखाद्या तापट पोराने भाला उचलला की ज्याने जन्मात कुणाशी भांडण केलं नाही त्या चुलत्याच्या कळपातूनही उंट जातो. म्हणून पोरांना आवरायला घरचीच माणसं आधी धावतात. सतत आगळीक करणाऱ्याला 'यापुढे तुझं आम्ही भरणार नाही' असं सांगून गट बाहेरही काढतो, आणि मग त्याला कुणाचं संरक्षण उरत नाही. माझ्या मते हेरचं खरं बळ इथे आहे. तो भांडण होण्याआधी काम करतो.

शिवाय हेर हा दोन गटांमधला करार असतो. शेजारी बदलला की कलमं बदलतात आणि दोघांनी बसून ठरवलं तर दुरुस्तीही होते. बायका, मुलं, म्हातारे, पाहुणे यांना लढाईत हात लावायचा नाही, हेही त्यातच येतं. याच पद्धतीने 1993 मध्ये, सोमालियापासून फुटून स्वतःला वेगळा देश म्हणवणाऱ्या सोमालीलँडमधल्या बोरामा गावी टोळ्यांचे वडीलधारे काही महिने बसले, त्यांनी मोहम्मद इब्राहिम इगाल यांना अध्यक्ष निवडलं आणि वडीलधाऱ्यांची सभा, 'गुर्ती', संसदेचं वरिष्ठ सभागृह झाली.

मात्र परंपरा मवाळ आणि शरिया कडक, असं समीकरण मांडणाऱ्यांशीही माझं पटत नाही. हेरच्या बैठकीत बाईला जागा नाही. गट दुबळा असेल तर ठरलेली भरपाईही पदरात पडत नाही. तंटा मिटवायला मुलगी लग्नात देण्याची चालही तिथलीच. वारशाचं बघा: शरिया मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, वाटा देतो; रूढीने तिला उंट किंवा जमीन सहसा मिळतच नाही. म्हणून वाटणीचा प्रश्न आला की अनेक सोमाली बायका टोळीच्या म्हाताऱ्यांपेक्षा काझीकडे जाणं पसंत करतात.