पेशंट नॅव्हिगेशन (कॅन्सर)

कॅन्सरची शंका आली तिथपासून ट्रीटमेंट संपेपर्यंत पेशंटसोबत एक ठरलेला माणूस असणं आणि भाषा, पैसा, भीती, कागदपत्रं यातलं जे आडवं येईल ते त्याने सोडवणं, याला पेशंट नॅव्हिगेशन म्हणतात. तो माणूस म्हणजे नॅव्हिगेटर.

उगम साधारणपणे न्यूयॉर्कच्या हार्लेममधला मानतात, तिथले सर्जन हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये हार्लेम हॉस्पिटलात हे सुरू केलं. पण यात नवीन काय यावर वाद आहे, कारण बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये १९०५ पासून सोशल वर्कर होते, आपल्याकडे जेजेमध्येही १९४६ च्या सुमारास मेडिकल सोशल वर्कर नेमले गेले, मग फ्रीमन यांनी फक्त नाव बदललं का? तसं म्हणणं बरोबर वाटत नाही. गाठ सापडली आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला यांच्या मधल्या आठवड्यांत गरीब पेशंट गळतात हे त्यांनी नेमकं हेरलं आणि तेवढ्याच कामासाठी माणूस ठेवला, सोशल वर्करकडे वॉर्डातली शंभर कामं असायची.

हार्लेममध्ये १९८६ पर्यंतच्या २२ वर्षांतल्या ६०६ ब्रेस्ट कॅन्सर पेशंट्सपैकी, ज्यात बहुतेक काळ्या बायका होत्या, पाच वर्षं जगल्या त्या ३९ टक्के, आणि १९९५ ते २००० मधल्या ३२५ जणींत हे प्रमाण ७० टक्के झालं. सगळं श्रेय नॅव्हिगेशनला देता येत नाही, स्वस्त किंवा मोफत तपासणीही त्याच काळात मिळू लागली होती आणि फ्रीमन स्वतः दोन्हींची नावं घेतात.

नॅव्हिगेटर नर्स असावी की पेशंटच्याच वस्तीतला माणूस, यावरही एकमत नाही. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टर काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत बसले, ते ज्यांच्या लक्षात आहे त्यांना पांढऱ्या कोटापेक्षा ओळखीचा चेहरा जवळचा वाटणारच.

भारतात टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) यांचा नॅव्हिगेटर तयार करणारा एक वर्षाचा 'केवट' कोर्स आहे, नाव रामाला गंगेपार नेणाऱ्या नावाड्यावरून. परळला टाटामध्ये बिहार, बंगाल, आसामहून लोक येतात, 'उपाशीपोटी या' हे धड कळलं नाही म्हणून सकाळी चहा-बिस्किट खाऊन आलेल्या बाईचं स्कॅन पुढे ढकललं जातं, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत राहायचं कुठे हा प्रश्न स्कॅनपेक्षा मोठा होतो, म्हणून तिच्या भाषेत आदल्या दिवशीच सांगणं आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का बघणं हेसुद्धा उपचारातच धरायला हवं.

अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, २०२४ पासून या कामाचे पैसे देतं.