एम-वन अवघड की एम-टू?

पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलेला प्रत्येकजण पहिल्या वर्षाच्या गणिताच्या दोन पेपरांबद्दल (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स वन आणि टू) हे सीनियरला विचारतोच, आणि सीनियर ज्या पेपरला अडकलेला असतो तोच अवघड म्हणून सांगतो. मी दोन्ही शिकलोय आणि नंतर बऱ्याच ज्युनियर्सना शिकवलेत. माझं मत सांगतो: कष्ट एम-वनला जास्त, पण अवघड एम-टूच आहे.

२०१९ पॅटर्नचा, म्हणजे २०२४ च्या नव्या पॅटर्नच्या आधीच्या अभ्यासक्रमाचा, एम-वन बघा. मीन व्हॅल्यू थिअरम, टेलर-मॅक्लॉरिन, फोरिअर सिरीज, पार्शल डेरिव्हेटिव्ह, जेकोबियन, लॅग्रांज, आणि वर दोन युनिट मॅट्रिक्स. पसारा मोठा आहे आणि बारावीत यातलं बरंचसं पाहिलेलंच नसतं, त्यात ॲडमिशनचे राऊंड लांबले की सेमिस्टर सुरूच उशिरा होतं, म्हणून पहिले काही आठवडे सगळं डोक्यावरून जातं. पण गणित बघून मेथड ओळखता येते. समजा यू म्हणजे एक्स क्यूब प्लस वाय क्यूब, भागिले एक्स मायनस वाय, आणि विचारलंय एक्स गुणिले यू-एक्स प्लस वाय गुणिले यू-वाय किती (यू-एक्स, यू-वाय म्हणजे यूचे पार्शल डेरिव्हेटिव्ह). क्वोशंट रूल लावत बसलात तर पान भरेल. वरची डिग्री ३, खालची १, म्हणजे फंक्शन २ डिग्रीचं होमोजिनियस, ऑयलरचा थिअरम लावा (अशा फंक्शनला हे उत्तर डिग्री गुणिले यू येतं), उत्तर २यू, दोन ओळीत संपलं. असे ढीगभर सम सोडवले की हात बसतो. फोरिअरमध्ये मार्क जातात ते बाय पार्ट्सच्या साइन चुकल्यामुळे, कळलं नाही म्हणून फारसे जात नाहीत.

एम-टूची सुरुवात उलट सोपी वाटते. डिफरन्शियल इक्वेशन बारावीत झालेली असतात, इंटिग्रेशनही झालेलं असतं, म्हणून पोरं निवांत राहतात. रिडक्शन फॉर्म्युला, बीटा-गॅमा, डीयूआयएस (इंटिग्रल साइनच्या आत डिफरन्शिएशन) इथपर्यंत पाठांतराने निभावतं. मग येतं कर्व्ह ट्रेसिंग (इक्वेशनवरून कर्व्ह काढणं) आणि रेक्टिफिकेशन (कर्व्हची लांबी काढणं), आणि शेवटी मल्टिपल इंटिग्रल, तिथे नुसता फॉर्म्युला पाठ असून काही होत नाही, आधी आकृती दिसावी लागते.

कार्डिऑइड घ्या, आर बरोबर ए कंसात १ प्लस कॉस थीटा, आणि याची पूर्ण लांबी काढायची आहे. फॉर्म्युल्यात टाकलं की रूटमधून २ए कॉस थीटा बाय २ बाहेर येतं. आता कर्व्ह पूर्ण फिरतो म्हणून ० ते २पाय लिमिट टाकून मोकळे झालात तर उत्तर येतं शून्य! स्टेप सगळ्या बरोबर वाटतात आणि कर्व्हची लांबी शून्य. का, तर पायच्या पुढे कॉस थीटा बाय २ निगेटिव्ह होतो आणि रूट कधी निगेटिव्ह नसतं, त्यामुळे दुसरा अर्धा भाग पहिल्यातून वजा झाला. आकृती काढली असती तर वरचा-खालचा भाग सारखाच दिसला असता, मग ० ते पाय घ्यायचं, ४ए येतं, दुप्पट केलं की ८ए.

चेंज ऑफ ऑर्डरचंही, म्हणजे डबल इंटिग्रलमध्ये एक्स-वायचा क्रम बदलण्याचंही तेच. इंटिग्रलच्या आत ई रेज टू वाय स्क्वेअर, वाय हा एक्स पासून १ पर्यंत, एक्स ० ते १. आधी वायने इंटिग्रेट करायला गेलात तर आपल्याला माहीत असलेली कुठलीच ट्रिक चालत नाही, कारण त्याचं नेहमीच्या फंक्शनमध्ये इंटिग्रल नाहीच. पण रिजन काढा, साधा त्रिकोण आहे, त्यात इंटिग्रेशनसाठी काढायची पट्टी उभीऐवजी आडवी घ्या, मग एक्स ० ते वाय होतो, आत एक वाय मिळतो आणि सबस्टिट्यूशनने ई वजा १, भागिले २, असं सरळ उत्तर येतं. ही पट्टी कुठे घुसते आणि कुठून बाहेर पडते हे ज्याला पेन्सिलने दाखवता येतं त्याचा एम-टू बॅकलॉगला राहत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून एम-टूच्या वहीत प्रत्येक समला आकृती हवीच, सरांनी फळ्यावर काढली नसली तरी.

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांचे हे दोन्ही पेपर होत नाहीत आणि एकदम एम-थ्री समोर येतो. २०१९ पॅटर्नमध्ये बहुतेक ब्रांचला त्यात व्हेक्टर कॅल्क्युलस होतं, म्हणून सुट्टीत एम-वनचं पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि एम-टूचं डबल इंटिग्रल एवढं तरी करून या, बाकीचं नंतर बघता येतं.