कौतुक अंगी लागू द्या

"भाषण छान झालं तुमचं." "छे हो, दोन मुद्दे तर विसरलेच." "भरीत फक्कड झालंय." "मीठ जरा जास्तच पडलंय आज." आपल्याकडे कौतुकाला बहुतेक वेळा असंच उत्तर मिळतं. त्याला आपण नम्रपणा म्हणतो. मला मात्र ही सवय फार खटकते, कारण मन आणि मेंदूबद्दल आता जे कळलं आहे ते पाहता तिच्यात आपलं नुकसान आहे.

मुळात ही केवळ मराठी माणसाची खोड नाही. अमेरिकेतल्या अनिता पोमेरान्झ यांनी माणसांच्या रोजच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास करून १९७८ मध्ये यातली अडचण मांडली. स्तुतीला "हो" म्हटलं तर आत्मस्तुती होते, "नाही" म्हटलं तर समोरच्याला खोटं पाडल्यासारखं होतं. मग आपण मधली वाट काढतो: श्रेय दुसऱ्याला देतो, काहीतरी उणं दाखवतो किंवा उलट त्याचीच स्तुती करतो. बोलण्यापुरता पेच सुटतो, पण कौतुक आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

ते पोहोचलं तर काय होतं, हे जपानमधल्या ओकाझाकी इथल्या संशोधकांनी पाहिलं. २००८ मध्ये नोरिहिरो सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. एकदा पैसे जिंकताना आणि एकदा स्वतःबद्दलचं चांगलं मत वाचताना. दोन्ही वेळा मेंदूच्या खोल भागातलं 'स्ट्रायटम' हे केंद्र सक्रिय झालं. म्हणजे बक्षिसाची रक्कम आणि चांगला शब्द, दोन्हींची दखल मेंदू एकाच ठिकाणी घेतो.

त्याच गटाचा २०१२ मधला प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ४८ जणांना बोटांनी ठरावीक क्रमाने बटणं दाबायला शिकवलं. सराव संपल्यावर एका गटाला स्वतःचं कौतुक ऐकवलं, दुसऱ्याला भलत्याच कुणाचं कौतुक दाखवलं, तिसऱ्याने फक्त आपल्या कामगिरीचा आलेख पाहिला. दुसऱ्या दिवशी अचानक परीक्षा घेतली, तेव्हा स्वतःचं कौतुक ऐकलेल्यांचे हात सर्वांत सफाईने चालले. सराव तिन्ही गटांचा झाला होता, आणि कौतुक झालं तेव्हा तो संपलेलाही होता! शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याच्या काळात ते शब्द उपयोगी पडले असावेत, असा संशोधकांचा कयास आहे.

पण ज्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटतच नाही, त्यांचं काय? कौतुकाची खरी गरज त्यांना, आणि नेमकं त्यांनाच ते खोटं वाटतं. "स्वतःला रोज सांगा, मी छान आहे" हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की 'मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे' हे वाक्य मनात घोळवल्यावर आत्मसन्मान कमी असलेल्यांना उलट अधिक वाईट वाटलं. ज्यावर मनाचा विश्वासच नाही, ते घोकून पटत नाही.

मग उपाय? तोही त्याच विद्यापीठातून आला, २००७ मध्ये. डेनिस मॅरिगोल्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना जोडीदाराने केलेलं एखादं कौतुक आठवायला सांगितलं. जोडीदार नेमकं काय बोलला एवढंच सांगून आत्मसन्मान कमी असलेल्यांना फारसा फरक पडला नाही. पण 'त्याला माझ्यातलं हे का आवडलं आणि त्याचा अर्थ काय', हे सांगायला लावलं तेव्हा त्यांना स्वतःबद्दल आणि नात्याबद्दलही बरं वाटलं. हा परिणाम दोन आठवड्यांनीही टिकून होता. मला यातून मोठा दिलासा मिळतो. स्वभाव बदलायची गरज नाही, त्या शब्दांपाशी थोडं थांबायला हवं.

म्हणून कुणी चांगलं बोललं तर "थँक्यू, बरं वाटलं ऐकून" एवढंच म्हणा आणि "पण" जोडू नका. रात्री निवांतपणे ते आठवा: मी नेमकं काय केलं, आणि त्या माणसाला ते का भावलं? कौतुक नुसतं मस्का असेल, तर या प्रश्नांना उत्तर सापडत नाही आणि ते आपोआप गळून पडतं. खरं असेल, तर आपली मेहनत आपल्यालाच दिसू लागते.

कौतुकासारखंच स्वतःचं यशही अंगी लागू द्यायला हवं, आणि यश साजरं करणं म्हणजे हॉल बुक करणं नव्हे. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या २००४ मधल्या अभ्यासात, चांगली गोष्ट घडल्याचा आनंद असतोच, पण ती दुसऱ्याला सांगितली की त्यात आणखी भर पडते, असं दिसलं. मात्र ऐकणाऱ्याने उत्साहाने ऐकायला हवं. इथे आपली घरं कमी पडतात. पोरगी ९२ टक्के घेऊन येते आणि पहिला प्रश्न असतो, "बाकीचे आठ कुठे गेले?" त्याऐवजी तिला समोर बसवून विचारा: सगळ्यात अवघड पेपर कुठला होता, आणि तो कसा जमवलास? मग ती सांगेल तेवढा वेळ ऐका.