दानाची दिशा : इंदूरच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेवाकार्याची पार्श्वभूमी

इंदूरच्या ख्रिस्ती मंडळीकडून शहरात आणि शहराबाहेर जे सेवाकार्य चालते, त्याचा इतिहास सांगताना सुरुवात इंदूरपासून करता येत नाही. ती कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या लहानलहान गावांपासून करावी लागते, कारण तिथल्या मंडळ्यांनी दूरदेशासाठी बाजूला काढून ठेवलेल्या पैशातून इथली मंडळी उभी राहिली. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचे रेव्हरंड जे. एम. डग्लस इंदूरला आणि रेव्हरंड जे. फ्रेझर कॅम्पबेल महूला कामाला लागले. मॅरियन फेअरवेदर आणि मार्गारेट रॉजर या दोघी १८७३ पासूनच अमेरिकन मिशनबरोबर उत्तर हिंदुस्थानात काम करीत होत्या. त्याही त्याच वर्षी इंदूरला आल्या.

दुसऱ्या मुलखातील गरजूंसाठी वर्गणी काढण्याची रीत ख्रिस्ती मंडळीत पहिल्या शतकाइतकी जुनी आहे. पौलाने मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गोरगरिबांसाठी पैसे गोळा केले होते. एकोणिसाव्या शतकाने या रीतीला दरमहाची वर्गणी, चोख हिशेब आणि टपाल यांची जोड दिली, आणि ती दिली प्रामुख्याने बायकांनी. १८७६ मध्ये टोरांटो इथे प्रेस्बिटेरियन स्त्रियांची परदेशी मिशनसंस्था स्थापन झाली आणि तिच्या शाखा गावोगाव पसरल्या. दर महिन्याला जमायचे, प्रार्थना करायची, मालव्यातून आलेली पत्रे वाचायची आणि डब्यात साठवलेली नाणी मोजून खजिनदारणीच्या स्वाधीन करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. शास्त्रातल्या विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, आठवण व्हावी, इतक्या लहान रकमा त्यात असत. त्याच बायका गोधड्या शिवून त्यांचे गठ्ठे कॅनडाच्या पश्चिमेकडील आदिवासी वस्त्यांना पाठवीत. म्हणजे घरचे काम आणि परदेशचे काम एकाच बैठकीत, एकाच वहीत चाले.

या पैशाचे इंदूरला जे झाले, त्यात सर्वांत मोलाचे काम दवाखान्याचे आहे, असे मला वाटते. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत आणि बाळंतपणात त्यांचे जीव जात. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठातून १८८४ मध्ये ज्या पहिल्या तीन स्त्रिया डॉक्टर झाल्या, त्यांपैकी एलिझाबेथ बिटी त्याच वर्षी डिसेंबरात इंदूरला पोहोचल्या. ज्या काळी त्यांच्या स्वतःच्या देशात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाला उघड विरोध होत होता, त्या काळी त्या इथल्या माजघरांत रोगी तपासत होत्या. १८८६ मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर त्यांच्या मदतीला आल्या आणि १८९१ मध्ये स्त्रियांचे रुग्णालय सुरू झाले. होळकर दरबार आणि मिशन यांचे संबंध सुरुवातीला ताणलेलेच होते. रस्त्यावरील धर्मप्रचाराला दरबाराचा विरोध होता. पुढे तो ताण ओसरला आणि १८८७ मध्ये रेव्हरंड जॉन विल्की यांनी सुरू केलेल्या इंदूर ख्रिश्चन कॉलेजात सर्व जातिधर्मांची मुले शिकू लागली.

मंडळीची खरी घडण मात्र दुष्काळाने केली. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ अशी ज्या भूमीची ख्याती, जिथे मारवाडातली माणसे दुष्काळ पडला की गुरेढोरे घेऊन आसऱ्याला यायची, तीच भूमी संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, कोरडी पडली. या ‘छप्पन्या’ची आठवण मालव्यात अजून बुजलेली नाही. १८९१ आणि १९०१ या दोन जनगणनांच्या दरम्यान, इंदूर ज्यात मोडे त्या मध्य हिंदुस्थान एजन्सीची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी घटली. परदेशातील मंडळ्यांकडून पैसा आणि धान्य आले. अमेरिकेतून तर १९०० मध्ये मक्याने भरलेले जहाज मुंबई बंदराला लागले. मिशनने अनाथ मुलामुलींना आसरा दिला आणि मुलांना हातचे कसब मिळावे म्हणून महूजवळ रसलपुरा इथे उद्योगशाळा चालवली. त्याच सुमाराला पंडिता रमाबाई आधी मध्य प्रांतातून आणि मग गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावला नेत होत्या. त्यांच्या कार्याला अमेरिकेतील हितचिंतकांचे साह्य होते, पण काम कसे चालवायचे हे त्या स्वतः ठरवीत.

या मुलांपैकी पुष्कळजण मंडळीत वाढले, तिथेच त्यांचे बाप्तिस्मे आणि लग्ने झाली. त्यामुळे अन्न देताना धर्मही दिला गेला का, हा प्रश्न तेव्हापासून या सेवाकार्याला चिकटला आहे. तो टाळून हा इतिहास लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मुलांचे जीव वाचले हे खरे, आणि त्यांना निवडीची संधी फारशी नव्हती हेही खरे. याहून कठीण भाग समुद्रापलीकडचा आहे. ज्या संस्थेच्या तिजोरीतून इंदूरच्या रुग्णालयाला पैसा येत होता, त्याच तिजोरीतून कॅनडातील आदिवासी मुलांच्या निवासी शाळाही चालत. त्या शाळांत मुलांना आईबापांपासून आणि मातृभाषेपासून तोडण्यात आले. १९२५ मध्ये त्या देशातील बहुसंख्य प्रेस्बिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ कॅनडामध्ये सामील झाल्या; या चर्चने १९८६ मध्ये आदिवासी समाजाची आणि १९९८ मध्ये निवासी शाळांबद्दल जाहीर माफी मागितली. प्रेस्बिटेरियन चर्चने आपली कबुली १९९४ मध्ये दिली होती. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या मनात कळवळाच होता. तिच्या पैशावर हुकमत चालवणाऱ्यांनी मात्र आपल्या घराशेजारच्या माणसाला विचारले नाही.

देणारा कोण आणि ठरवणारा कोण, हा प्रश्न इथल्या ख्रिस्ती माणसांनाही लवकर पडला. २५ डिसेंबर १९०५ रोजी बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) इथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि व्यवस्थाही भारतीय, असा तिचा संकल्प होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभारला, तो याच अस्वस्थतेतून. मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट आजही आदराने सांगितली जाते.

स्वातंत्र्यानंतर चित्र भराभर बदलले. फाळणीतील निर्वासितांच्या मदतीसाठी १९४७ मध्ये प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या मदतकार्यातून ‘कासा’ ही संस्था आकाराला आली. पुढे लातूरचा १९९३ चा भूकंप असो की भूजचा २००१ चा, देशभरातल्या मंडळ्यांचे दान तिच्यामार्फत पोहोचत राहिले. दुसरीकडे मिशनच्या कामाबद्दलचा संशयही वाढला : १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली आणि १९६८ मध्ये राज्यात सक्तीच्या धर्मांतराला मनाई करणारा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. याच काळात, १९५४ ते १९६७, डॉ. रॉबर्ट मॅक्लुअर रतलामच्या मिशन रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत होते. परत गेल्यावर ते युनायटेड चर्च ऑफ कॅनडाचे पहिले अदीक्षित, म्हणजे पाळकाची दीक्षा न घेतलेले, प्रमुख झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि मिशनच्या जागी मंडळी हीच कामाची धनी झाली.

कॅथलिक पंथातही देशातल्या देशात सेवक पाठवण्याची रीत रुळली. केरळमधून आलेल्या सिस्टर राणी मारिया यांनी देवास जिल्ह्यातील उदयनगरच्या आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सुटण्यासाठी संघटित केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरलाच त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीच्या मानकरी, घोषित करण्यात आले.

परदेशी पैशाची वाट आता अरुंद झाली आहे. विदेशी देणग्यांचा १९७६ चा कायदा २०१० मध्ये नव्याने आला, आणि २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत स्वीकारण्याचे बंधन घातले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसरीला हा पैसा देण्यावर बंदी आणली. लहान संस्थांची त्यामुळे ओढाताण झाली, आणि स्थानिक दानाकडे पाहणे भाग पडले.

ते स्थानिक दान कापणीच्या सणाला डोळ्यांनी पाहता येते. वेदीपुढे गव्हाच्या ओंब्या, भोपळे, अंडी, घरी केलेले लोणचे आणि एखादी पाय बांधलेली कोंबडी मांडलेली असते. उपासना संपली की पाळकसाहेब आशीर्वाद देतात आणि आवारात लिलाव सुरू होतो. ज्याने भोपळा चढ्या भावाने घेतला, तो पुष्कळदा तोच भोपळा परत टेबलावर ठेवतो, आणि बोली पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खजिनदार वहीत नाव आणि रक्कम लिहीत जातो.