स्नायू झिजणं, तोल जाणं आणि या दोन्हींचा इतिहास

वय झालं की मांड्या पातळ होतात, दंड सुकतात हे सगळ्यांना दिसतच होतं, पण गंमत अशी की या प्रकाराला डॉक्टरी भाषेत धड नावच नव्हतं. १९८८ ला अमेरिकेत अल्बुकर्कीला एक बैठक झाली, तिथे अर्विन रोझेनबर्ग या डॉक्टरांचं म्हणणं पडलं की याला नाव दिल्याशिवाय कोणी मनावर घेणार नाही, आणि ग्रीक शब्द जोडून त्यांनी सार्कोपेनिया असं बारसं केलं. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे कमतरता. हे छापून आलं १९८९ ला.

त्याआधी काय होतं? तर झोपून राहा. म्हातारं माणूस पडलं, दुखलं, की पलंग. लंडनजवळ वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये १९३५ पासून मार्जरी वॉरन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षानुवर्षं खाटेला खिळलेल्या शेकडो वृद्धांना तपासून, उठवून, पायावर उभं करायला सुरुवात केली, आणि १९४७ ला रिचर्ड अॅशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की अंथरूण हाच धोका आहे. तरी सवय काय लगेच जात नाही, आजही "जपून, बसून राहा" हेच आधी तोंडात येतं.

तोलाचा विषय मात्र वेगळ्याच वाटेने आला. पाय जुळवून उभं राहा, डोळे मिटा, झोक जातो का बघा, ही रोम्बर्गची टेस्ट एकोणिसाव्या शतकातली, ती मुळात मज्जारज्जूच्या आजारासाठी. म्हाताऱ्यांच्या तोलाची मोजमापं आली ती १९८० नंतर. बर्ग स्केल १९८९ चा, १४ कामं, एकूण ५६ मार्क. १९९१ ला घड्याळ लावून करायची एक सोपी टेस्ट आली, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. म्हणजे एकीकडे स्नायूवाले स्कॅनवर मांस मोजत बसले आणि दुसरीकडे तोलवाले सेकंद मोजत बसले, आणि बराच काळ दोघांचं फारसं बोलणं झालं नाही असं मला तरी वाटतं.

या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत दिसल्या त्या १९९० ला, बोस्टनमधल्या एका वृद्ध निवासात. मारिया फियाटारोन यांच्या टीमने नव्वदीच्या आसपासची १० माणसं घेतली आणि ८ आठवडे पायांनी चांगलं जड वजन उचलायला लावलं (तेव्हा हे ऐकूनच लोकांना धडकी भरली असणार). ९ जणांनी पूर्ण केलं. ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, पण मांडीचा स्नायू वाढला फक्त ९ टक्के! आणि टाच-अंगठा जोडत एका रेषेत चालायचा वेग ४८ टक्क्यांनी सुधारला. आता ९ आणि १७४ हे आकडे शेजारी ठेवून बघा, नुसतं मांस मोजून काय कळणार होतं? स्नायू तोच, पण त्याला हुकूम देणारी नस जागी झाली, सुरुवातीची बरीचशी वाढ तिथूनच येते.

१९९६ ला अटलांटात अजून एक मजेशीर निकाल आला. सत्तरी उलटलेले २०० लोक, काहींना ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), काहींना कॉम्प्युटरच्या हलत्या फळीवर तोलाचं ट्रेनिंग. फळीवाले फळीवर छान स्थिर झाले, पण वारंवार पडण्याचा धोका जवळपास निम्म्याने कमी झाला तो ताई चीवाल्यांचा. मशीनवरचा मार्क वाढला म्हणजे घरात पडणं थांबलं असं होत नाही, हे तेव्हापासून समोर आहे.

मग १९९७, न्यूझीलंडचं ओटागो. ८० च्या पुढच्या २३३ बायका, आणि ज्यांना व्यायाम दिला त्यांच्या घरी फिजिओ स्वतः जायची. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून पाय उचलायचे, मग ओट्याला हात टेकवून एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं, ते जमलं की हात सोडायचा, मग उलटं चालायचं, इंग्रजी आठचा आकडा काढत चालायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. गोम आहे ती हात सोडण्यात, कारण जे सहज जमतंय त्याने तोल सुधारत नाही, थोडं डळमळायलाच लागतं. वर्षभरात व्यायामवाल्या बायकांचं पडणं कमी झालं.

सार्कोपेनियाची व्याख्या बदलायला मात्र वेळ लागला. २०१० ला युरोपियन तज्ज्ञांच्या गटाने मांसासोबत ताकद आणि चाल आणली, २०१८ ला तर ताकदच पहिली केली. आशियाई गटाच्या २०१९ च्या हिशेबात हाताची पकड पुरुषांची २८ किलोच्या खाली, बायकांची १८ च्या खाली, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, की संशय घ्यायचा. २०१९ लाच कॉक्रेनने (वेगवेगळे अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढणारी संस्था) १०८ ट्रायल एकत्र केल्या, व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं, पण नुसत्या चालण्याने तसं होतं हे काही सिद्ध झालं नाही. २०२० ला डब्ल्यूएचओने ६५ च्या पुढच्या सगळ्यांनाच आठवड्यातून ३ किंवा जास्त दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितले, २०१० मध्ये तोलाचा भाग फक्त ज्यांचं चालणं-फिरणं अवघड झालंय त्यांच्यापुरता होता.

एक गोष्ट राहिलीच. ओटागोसारख्या ट्रायलमध्ये माणसं निवडली ती वय बघून, स्नायू मोजून नाही, तेव्हा सार्कोपेनियाचा शिक्का बसलेल्यांना कॉक्रेनचे हे २३ टक्के जसेच्या तसे लावता येत नाहीत.