डच कोठार: नावातले दोन घोटाळे

अमेरिकेत हडसन, मोहॉक आणि स्कोहारी नद्यांच्या खोऱ्यांत व न्यू जर्सीत जी 'डच' कोठारे आज उभी आहेत, ती जवळजवळ सगळी डच सत्ता गेल्यानंतरची आहेत. न्यू नेदरलँड ही डच वसाहत १६६४ मध्ये इंग्रजांकडे गेली. कोठारे प्रामुख्याने अठराव्या शतकातली आणि त्यापुढची. तेव्हा 'डच' म्हणजे इथे सुतारकामाची पद्धत. स्कोहारीकाठची कित्येक कोठारे तर पॅलॅटिनेट या जर्मन प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची, पण सांगाडा तोच.

दोन खांब आणि मधोमध आडवी तुळई, आकार इंग्रजी 'एच' अक्षराचा. अशा चार-पाच चौकटी ओळीने. तुळई १२ ते २४ इंच उंच असते. तिचे कुसू (खाचेत बसण्यासाठी तासलेले टोक) खांबातून आरपार जाऊन बाहेर फूटभर जिभेसारखे डोकावते, त्यात पाचरी ठोकतात. मधल्या भागात मळणीचे खळे, दोन्ही बाजूंना गुरे, वर तुळयांवर सुट्या बल्ल्या टाकून पेंढ्यांची रास. गाडीचा दरवाजा छपराच्या त्रिकोणी टोकाखाली.

दुसरा घोटाळा 'वसाहतकालीन' या, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्यापूर्वीचे असे सांगणाऱ्या, बिरुदाचा; ते अधिक फसवे. स्वातंत्र्ययुद्धात, १७८० मध्ये, ब्रिटिश राजाशी निष्ठ असलेल्या फौजांनी स्कोहारी-मोहॉक पट्ट्यातली शेते आणि कोठारे जाळली, म्हणून तिथली बरीच कोठारे त्यानंतरची. बांधणीचा घाट मात्र पुढेही कित्येक दशके तोच राहिला, त्यामुळे नुसत्या आकारावरून काळ सांगणारा विक्रेता अंदाजच करत असतो.

पुरावा सांध्यात शोधावा. जुन्या रीतीत प्रत्येक कुसू त्याच्याच खाचेला जुळवून तासत. जोड्या चुकू नयेत म्हणून पटाशीने रोमन आकडे कोरत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवी रीत आली: ओबडधोबड लाकडाच्या आत एक अचूक चौरस तुळई कल्पायची आणि फक्त सांध्याजवळ तेवढ्या मापापर्यंत खाच पाडायची. अशी खाच मूळ सांगाड्यात सर्वत्र असेल तर कोठार वसाहतकालीन नाही. उलटे मात्र खरे नाही. रोमन आकडे स्वातंत्र्यानंतरही कोरले जात होते.

लाकडातल्या वाढवलयांची (दर वर्षी एक वाढणाऱ्या कड्यांची) तपासणी सर्वांत भरवशाची, पण सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत हवे. लाकूड ओलेच वापरत, त्यामुळे झाड तोडल्याचे वर्ष आणि बांधणीचे वर्ष सहसा जवळजवळच. एकाच तुळईचा नमुना घेणे चूक: रिकाम्या, बिनकामाच्या खाचा दिसल्या तर ती तुळई आधीच्या इमारतीतून आलेली असू शकते, आणि तसे असेल तर तिचे वर्ष तुमच्या कोठाराचे नव्हे.

खरी मोडतोड पुढे झाली. १८२५ मध्ये इरी कालवा खुला झाला, पश्चिमेचा स्वस्त गहू येऊ लागला आणि इथले शेतकरी गवत व दुधाकडे वळले. लांब भिंतीत दरवाजे फोडले गेले. गवत उचलणाऱ्या यांत्रिक काट्याला तुळई आड येते म्हणून ती कापून टाकली गेली. खांबांना एकमेकांशी बांधणारी तीच; ती गेली की छपराच्या भाराने खांब बाहेर झुकतात.

गुरांच्या बाजूला मुताच्या ओलीने जमिनीलगतची आडवी तुळई कुजते, खांबाचा पाय खचतो आणि पाचरी ढिल्या पडतात. त्या लगेच ठोकू नयेत. आधी छपराचा भार टेकू देऊन उचलावा, खांब ओळंब्यात आणावा, कुजलेला पाय तेवढाच कापून तिथे नवे लाकूड सांधावे. पाचरी सगळ्यांत शेवटी.